दाराखिडक्यांची परीक्षा

नवी वास्तू ताब्यात घेताना आपण नळ सोडून पाहतो, फरशी वाजवून पाहतो. खिडक्यांची परीक्षा मात्र पहिल्या पावसावर सोपवतो. तोवर कंत्राटदाराचे देयक चुकते झालेले असते. आमच्या बोथ गावी सागवानी चौकटींचे कौतुक फार. पण पाणी बहुधा लाकडातून नव्हे, चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून शिरते. मग शाळेत हजेरीपट भिजतात, घरात धान्य.

ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा सुमारे 17 मिलिमीटर उंच पाण्याइतका दाब देतो. खिडकीच्या तळाची कड याहून ठेंगणी असली, की साचलेले पाणी ती ओलांडून आत येते. म्हणून तळाला बाहेरच्या बाजूस उतार हवाच.

परीक्षा सोपी आहे. वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करून, झडपा लावून पेटती उदबत्ती कडेने फिरवावी. धूर जेथे वाकतो, तेथे फट. नंतर बाहेरून झारीच्या तोंडाच्या नळीने पाणी मारावे. आत एकाने खडू घेऊन उभे राहावे. आरंभ तळापासून करावा, प्रत्येक सांध्याला पाच मिनिटे द्यावीत आणि मगच वर सरकावे. वरून आरंभ केल्यास ओघळ सर्वत्र पसरतो आणि मूळ दोष हाती लागत नाही.

गळती आतून लांबी भरून झाकू नये. पाणी बाहेरच अडवावे. शाळेची नवी खोली स्वीकारताना आम्ही या परीक्षेआधी सही करीत नाही. वाचकांनीही करू नये.