कहाणी सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची

आपापल्या आयुष्याच्या कहाण्या एकमेकांना सांगितल्या की माणसे जवळ येतात, असे आपल्या शिबिरांतून नेहमी सांगितले जाते. मीही ते सांगत आले. पण हे विधान वाटते तितके सरळ नाही. सांगितल्याने माणसे जवळ येतात, तशी दूरही जातात. केव्हा काय घडते आणि का घडते, याचा विचार कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी केला पाहिजे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात १९०१ च्या सुमाराची एक आठवण नोंदवली आहे. वडील कोरेगावला नोकरीला होते. त्यांच्याकडे निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, असे विचारताच लहानग्या भीमरावाने खरे ते सांगितले: आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीकडे निघून गेला. मुलाने काही लपवले नव्हते. तरीही खऱ्या उत्तराने अंतर वाढले, कारण ऐकणारा आपल्या जागेवरून तसूभरही हलायला तयार नव्हता.

ही आठवण मी अनेकदा वाचली होती. तिचा अर्थ मला शिकवला तो माझ्याच एका विद्यार्थ्याने.

वर्गात दया पवारांचे 'बलुतं' शिकवत होते. मुलांना आपापल्या बालपणाविषयी लिहायला सांगितले. एका मातंग मुलाने उभे राहून वाचून दाखवले. वडील लग्नात हलगी वाजवतात, पंगती उठल्यावर शेवटी त्यांचे पान मांडले जाते आणि तोवर हा त्यांच्याजवळ बसून राहायचा. वर्ग स्तब्ध झाला. काहींचे डोळे भरून आले. टाळ्याही पडल्या. आज काही तरी घडले, अशा समाधानात मी घरी गेले.

पुढे आठ दिवस तो मुलगा वर्गात आला नाही. वसतिगृहाच्या पायरीवर भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझं सगळ्यांना कळलं. मला त्यांचं काय कळलं? तुमचं तरी काय कळलं?"

मी निरुत्तर झाले. माझी आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पण प्राध्यापकांच्या खोलीत कोणी गावाकडचे विचारले की मी "थोडी शेती आहे" म्हणून वेळ मारून नेत असे. 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला, म्हणजे स्वतःच्याच शिकलेल्या रूपाला सांगतो. शिकलेल्या माणसाने आधी आपल्यातल्या दगडूचे ऐकावे, हे मी फळ्यावर लिहून शिकवले होते. स्वतः मात्र ऐकले नव्हते. आणि आणखी एक. आमच्या बौद्धवाड्यातून शेजारच्या मातंग वस्तीत मी आयुष्यात किती वेळा गेले होते? बोटांवर मोजता येईल इतकीही नाही.

पुढच्या वर्षी रीत बदलली. एकच प्रश्न सर्वांना, सवर्ण मुलांनाही: तुमच्या घरी कोण कोणत्या भांड्यातून पाणी पिते? पहिले उत्तर माझे. ज्याला बोलायचे नाही त्याने गप्प राहावे. टाळ्या वाजवायच्या नाहीत. इथले बोलणे बाहेर न्यायचे असेल तर सांगणाऱ्याला विचारून न्यायचे.

त्या तासाला बागायतदाराच्या घरची एक मुलगी बराच वेळ खाली पाहत होती. मग म्हणाली, "आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कप असतो. तो कुणाचा, हे मी कधी विचारलंच नाही." दिवाळीच्या सुट्टीत तिने तो कप स्वयंपाकघरात आणून ठेवला. आजीने तिच्याशी बोलणे टाकले. एका कपाने जात जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलीने ऐकण्याची किंमत मोजली. हे तिने स्वतःच्या परवानगीने वर्गात सांगितले, तेव्हा हलगीवाल्याच्या मुलाची मला फार आठवण झाली. त्याला आम्ही फक्त टाळ्या दिल्या होत्या.

हाच नियम आपल्या घरालाही लागू आहे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ते पुस्तकरूपाने आले १९८६ साली. चळवळीतल्या घरातही बाईचे ऐकणारे कान नव्हते, असाच याचा अर्थ. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या जुन्या स्त्रियांना शोधत गेल्या, त्यांना बोलते केले, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' उभे राहिले. त्या विचारायला गेल्या नसत्या तर?

मीही गेल्या उन्हाळ्यात आईला प्रथमच विचारले, माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे कुठून आणले होते? ती म्हणाली, "आता विचारतीस व्हय?" आणि मग रात्रभर बोलत राहिली. घरातली एकुलती शेळी तेव्हा विकली होती. ती मेली, असे मला सांगितले होते.

तेव्हा मित्रहो, दुसऱ्याला बोलते करण्यापूर्वी आपण स्वतः काय सांगणार आहोत, आणि ऐकल्यावर काय बदलणार आहोत, हे ठरवूया. त्याची तयारी नसेल तर कोणाच्या जखमेवरची पट्टी सोडवण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो मुलगा आज एका शाळेत शिकवतो. त्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर अजून पुरे झालेले नाही.