पिकअप ताकदीचा हवा की सुरेल?

गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोची धून ऐकली नाही, असा माणूस आपल्याकडे विरळा. त्या विजेवरच्या बेंजोच्या आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एकाच जातीची वस्तू काम करत असते, ती म्हणजे पिकअप. 'सिंगल कॉइलच हवाय, पण हाय आउटपुटचा घेऊ का?' हा प्रश्न गिटार वाजवणारी मुलं मला हमखास विचारतात. पैसे घरच्यांचे असतात, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. ही वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. गुंडाळी एकच असेल तर तो सिंगल कॉइल. १९५४ मध्ये आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर असे तीन पिकअप होते. प्रत्येकात साधारण आठ हजार वेढे आणि रोध सहा किलोओहमच्या आसपास.

ताकद वाढवायची तर वेढे वाढवायचे किंवा चुंबक जोरदार लावायचा. पण वेढे वाढले की वरच्या पट्टीतली धार गुंडाळीतच अडते. मधले स्वर भरीव होतात, खणखणीतपणा मात्र कमी होतो. रॉकच्या जोरकस वादनाला हे शोभतं. मोकळा, स्वच्छ झंकार हवा असेल तर खटकतं. जोरदार चुंबक तारांच्या फार जवळ आला, तर तो तारच ओढून धरतो आणि स्वर डगमगतो.

दुसरा मुद्दा घूंऽऽ अशा आवाजाचा. आपली वीज ५० हर्ट्झची. भोर तालुक्यातल्या शिवऱ्यासारख्या गावी देवळापुढं कार्यक्रम असला की दिव्यांच्या माळा, लांबलचक वायरी, कधी जनरेटरही शेजारीच. सिंगल कॉइल त्यांचाही आवाज पकडतो. वेढे वाढवले तर तारेच्या स्वरासोबत ही घरघरही वाढते. त्यावर इलाज दोन गुंडाळ्यांचा. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलट्या जोडून ही घरघर परस्पर मारली. आता सिंगल कॉइलच्याच मापात, एकावर एक गुंडाळ्या असलेले पिकअपही मिळतात. मांडवात वाजवणाऱ्यानं आधी त्यांचा विचार करावा.

दुकानात किलोओहमचा आकडा पाहून भुलू नका. तार आणखी बारीक वापरली तरी तो आकडा वाढतो, ताकद तेवढी वाढतेच असं नाही. तार आणि चुंबक सारखे असतील, तरच दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ.

एकच पिकअप बदलायचा असेल तर ब्रिजजवळचा, म्हणजे घोडीजवळचा बदला. तिथं तारेचं कंपन लहान असतं, म्हणून जास्त ताकदीचा उपयोग तिथंच. बाकीचे दोन साधेच राहू द्या. त्यांचा गोडवा जपण्याजोगा असतो. नवा पिकअप बोथट वाटला, तर २५० ऐवजी ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल लावून पाहा. धार थोडी परत येते.

आणि हे सगळं करण्याआधी एक बिनखर्चाचा उपाय. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवून तो तारांजवळ आणा आणि प्रत्येक वेळी वाजवून पाहा. आवाज वाढलेला लगेच कळेल. नुसता मोठेपणा हवा असेल, तर तो द्यायला अ‍ॅम्प्लिफायर आहेच. आवाजाचा पोतच बदलायचा असेल, तेव्हाच पाकिटात हात घाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)