तीन अक्षरांचा प्रपंच

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने इंग्रजीचे पुस्तक पुढे धरून विचारले, "मामा, 'सेट' म्हणजे काय?" इतक्या साध्या शब्दाला कोण भिणार! वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मी म्हटले, "सेट म्हणजे ठेवणे." पाच मिनिटांत स्वारी पुन्हा हजर. "मग 'द सन सेट्स' म्हणजे सूर्य ठेवतो? काय ठेवतो?" मी मुकाट्याने कोश काढला, आणि ती संध्याकाळ त्यातच मावळली.

वाचकहो, हा तीन अक्षरांचा प्राणी दिसतो तितका गरीब नाही. ऑक्सफर्डच्या वीस खंडी इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ असून ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले आहेत. म्हणजे एक बेताची कादंबरीच! पुढे हा मुकुट 'रन'ने पटकावला. २०११ च्या सुमारास त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. ते काम करणारे कोशकार पीटर गिलिव्हर यांना त्यापायी नऊ महिने लागले. मुदतही कशी नेमकी बाळंतपणाची!

मूळ शोधू गेले तर मात्र 'सेट' अगदी घरगुती निघतो. 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' म्हणजे बसवणे. त्याचेच प्रयोजक रूप. संस्कृतातला 'सद्' धातू या 'सिट'चा चुलतभाऊ; आपल्या 'संसद' आणि 'परिषद' त्याच्याच लेकी. हे ध्यानात आले की निम्मे कोडे सुटते. सोनार कोंदणात खडा बसवतो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, शेतकरीण अंड्यांवर कोंबडी बसवते. इंग्रज या तिन्ही ठिकाणी 'सेट'च म्हणतो. त्याचा सूर्यही दिवसभर चालून शेवटी खाली बसत असावा, आपला मावळतो. चहाच्या कपबशांचा सेट मात्र दुसऱ्या घराण्यातला. तो लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून, म्हणजे अनुयायांच्या मेळ्यापासून, फ्रेंचांच्या वाटेने आला, आणि क्रियापदाच्या शेजारी राहून त्याच्यासारखाच दिसू लागला. गणितात आपण त्याला 'संच' म्हणतो.

मोल्सवर्थसाहेबांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला. तो १८४७ साली मुंबईत छापला गेला. 'सेट'पाशी या साहेबांचा मुक्काम किती दिवस पडला असेल, असे मनात येते. कारण मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. घड्याळ लावतात, सापळा लावतात, कवितेला चाल लावतात. पण भाव ठरवतात, प्रश्नपत्रिका काढतात, शिडे उभारतात, आणि छापखान्यातला जुळारी खिळे जुळवतो.

यावरून आपली भाषा फार काटेकोर, अशी फुशारकी नको. आमचे 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, गवयाचा सूर लागतो, योग्याची समाधी लागते, लाडू गोड लागतो, आणि समोरचा गृहस्थ आपला मावसभाऊ लागतो! एखाद्या साहेबाला हे समजावून पाहा म्हणजे 'सेट'बद्दलची तक्रार तोंडातल्या तोंडात विरेल.

तक्रार आहे ती निराळीच. आता आपण घड्याळ 'सेट करतो', केस 'सेट करतो', मुलाला नोकरीत 'सेट करतो' आणि भांडण मिटले की सगळे 'सेट झाले' म्हणतो. इंग्रजाने आपला शब्द हजार-बाराशे वर्षे वापरून त्याला इतके अर्थ मिळवून दिले. आपण तो आयता घेतला आणि त्याच्या बदल्यात लावणे, बसवणे, जुळवणे, ठरवणे एकेक करून माळ्यावर टाकायला काढले. हा सौदा मला काही किफायतीचा वाटत नाही.

हे सारे मी भाच्याला रंगून सांगत होतो. त्यानेही मान डोलावली. तेवढ्यात बहिणीने आतून हाक दिली, "अरे, दह्याला विरजण लावलंस का?"

"हो आई," चिरंजीव उत्तरले, "मघाशीच सेट व्हायला ठेवलंय!"