एक्याऐंशी चिंचोके आणि हॅनिबल

मे महिन्यात आईनं वर्षाची चिंच फोडायला घेतली आणि दोन दिवसांत पडवीच्या कोपऱ्यात चिंचोक्यांचा हा एवढा ढीग जमला. माझी भाची आणि भाचा सुट्टीला आले होते. भाचीला सगळे ताईच म्हणतात, ती सातवीत. धाकटा बंड्या चौथीत.

"मामा, यांचं काय करायचं?" बंड्यानं विचारलं.

"रोमचं सैन्य," मी म्हटलं. आणि पुढचे चार दिवस पडवीतून चालायची सोय उरली नाही.

गोष्ट इसवी सनापूर्वी 216 सालची. 2 ऑगस्टचा दिवस. इटलीच्या दक्षिणेला कॅनी नावाच्या गावाजवळ, औफिडस नदीच्या काठी दोन सैन्यं समोरासमोर उभी राहिली. एक रोमचं. दुसरं कार्थेजचं, म्हणजे समुद्रापलीकडच्या, आजच्या ट्युनिशियातल्या शहराचं. त्याचा सेनापती हॅनिबल. हो, तोच तो, हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडणारा. पण आधीच सांगून टाकतो, कारण बंड्या लगेच हत्तींसाठी बटाटे आणायला पळाला होता : कॅनीच्या लढाईत एकही हत्ती नव्हता. बटाटे परत गेले.

पॉलिबिअस नावाच्या जुन्या ग्रीक इतिहासकारानं आकडे लिहून ठेवलेत. रोमचं पायदळ सुमारे 80 हजार, घोडेस्वार 6 हजार. हॅनिबलचं पायदळ 40 हजारांच्या आसपास, घोडेस्वार 10 हजार. आम्ही ठरवलं, एक दाणा म्हणजे एक हजार माणसं. रोमला चिंचोके, हॅनिबलला पांढरे वाल, घोडेस्वारांना शर्टाची जुनी बटणं.

आता नियम हवा. तो बंड्यानं एका दमात केला. "तुझा एक, माझा एक, दोघं भिडले की दोघं मेले!"

खेळून बघितलं. 40 वाल गेले, 40 चिंचोके गेले, रोमचे 40 उरले. रोम जिंकलं. पुन्हा खेळलो. रोम जिंकलं. तिसऱ्यांदा खेळायची गरजच नव्हती, वजाबाकी कितीदा केली तरी उत्तर तेच.

"पण खरं काय झालं होतं?" ताईनं विचारलं.

खरं असं झालं होतं, की संध्याकाळपर्यंत रोमचं सैन्य संपलं होतं. लिव्ही नावाचा रोमन इतिहासकार मेलेल्यांचा आकडा 48 हजारांच्या आसपास देतो, पॉलिबिअस तर त्याहून बराच मोठा. आणि हॅनिबलची माणसं गेली ती 6 ते 8 हजार.

ताई ढिगाकडे बघत बसली. "म्हणजे आपला नियम चुकलाय."

अगदी बरोबर! आणि इथंच खरी गंमत सुरू होते. लढाईचा खेळ मांडणारे लोक नेमकं हेच करतात. जुनी लढाई पटावर मांडायची, खेळायची आणि उत्तर चुकलं की नियमात कुठली गोष्ट राहून गेली ते शोधायचं.

आमच्यात काय राहून गेलं होतं? विचार करा. शाळेत पाण्याच्या नळाशी गर्दी होते, तेव्हा नळापर्यंत हात कितीजणांचा पोचतो? पुढच्या दोघातिघांचा. मागचे नुसते ढकलतात. तलवारीच्या लढाईतही तसंच. शत्रूला भिडलेला माणूस लढतो, त्याच्या मागचा वाट बघतो. म्हणून नियम बदलला : कडेचा दाणाच लढणार, आतला नाही.

मग मी एक चिंचोका जास्तीचा घेतला आणि रोमचं पायदळ चौकोनात मांडलं. नऊ ओळी, ओळीत नऊ. नऊ नव्वे एक्याऐंशी. ताईला सांगितलं, कडेचे मोज. तिनं बोट ठेवून मोजले. 32. आत किती उरले? 49. एवढं मोठं सैन्य, पण त्यातले निम्म्याहून जास्त नुसते उभे.

"आता या चौकोनाला बाहेरून वालांचं कडं घाल. कोपरेसुद्धा सोडू नकोस."

तिनं कडं घातलं. मोजलं. पुन्हा मोजलं. बरोबर 40! हॅनिबलचं सगळं पायदळ त्या कड्यात बसलं, एकही वाल खाली उरला नाही. हा निव्वळ दाण्यांचा योगायोग हं; खऱ्या रणांगणावर माणसं अशी पाढ्यासारखी उभी नसतात. पण बघा काय झालं. मोठ्या सैन्यात लढणारे 32 आणि लहान सैन्यात लढणारे 40.

पुढचं ताईनं एकटीनं शोधलं. बाहेरचे 32 चिंचोके काढून टाकले तर आत सात सत्ते एकोणपन्नास राहतात. त्यांच्या कडेला 24, आणि त्यांना कडं घालायला वाल लागतात 32. आणखी आत गेलं तर 16 ला 24. मग 8 ला 16. दरवेळी बाहेरचे आठनं जास्त! अगदी शेवटी एकटा चिंचोका उरतो आणि त्याच्याभोवती आठ वाल. हे तुम्हीही वहीवर ठिपके काढून बघा, नाहीतर तुमचा विश्वास बसणार नाही.

"पण मामा," बंड्या म्हणाला, "80 हजार माणसं गपचूप घेरून कशी घेतली?"

हाच तर हॅनिबलचा डाव. रोमन सेनापतींनी ठरवलं होतं, की आपली माणसं जास्त आहेत तर नेहमीपेक्षा दाट, खोल रांगा लावायच्या आणि सरळ मधून घुसून शत्रूचे दोन तुकडे करायचे. हॅनिबलनं त्यांना हवं तेच समोर ठेवलं. त्यानं आपली मधली फळी धनुष्यासारखी पुढं काढली. तिच्यात गॉल आणि स्पेनचे सैनिक होते, आणि तो स्वतः धाकटा भाऊ मागो याच्यासह तिथंच उभा राहिला. दोन्ही टोकांना ठेवले आफ्रिकेचे कसलेले पायदळवाले. रोमन मधे घुसले. मधली फळी मागं सरकली, आणखी मागं सरकली, पुढं आलेलं धनुष्य सरळ झालं, मग उलटं वाकलं. रोमन खूष, आणखी आत. तेवढ्यात दोन्ही टोकांचे आफ्रिकी सैनिक आतल्या बाजूला वळले. इकडे हॅनिबलच्या घोडदळानं रोमचे घोडेस्वार पळवून लावले होते. पण त्यांच्यामागं वेड्यासारखं धावत न जाता ते वळलं आणि रोमन पायदळाच्या पिछाडीवर येऊन आदळलं. पिशवीचं तोंड आवळलं.

"चक्रव्यूह!" बंड्या ओरडला.

जवळपास. पण अभिमन्यूला आपण व्यूहात शिरतोय हे ठाऊक होतं. रोमनांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपण जिंकतोय. मला विचाराल तर हे जास्त भयंकर आहे.

तर आता आमचा खेळ जमला? छे. ताई हॅनिबल झाली, वाल धनुष्यासारखे मांडले, मागं सरकवले, कडं घातलं, जिंकली. परत जिंकली. आता हॅनिबल हरेचना! हेही खोटंच. कारण वाल मागं सरकताना घाबरत नाहीत. माणसं घाबरतात. समोरून 80 हजारांचा लोंढा येतोय आणि तुम्ही पावलापावलानं, रांग न मोडता, तोंड शत्रूकडे ठेवून मागं जायचं. एकानं पाठ फिरवली की शेजारचा पळतो, मग त्याचा शेजारी. हॅनिबलच्या सगळ्या बेतात हा एकच सांधा कच्चा होता, आणि तो स्वतः तिथं का उभा राहिला हे आता कळलं ना?

म्हणून सापशिडीचा फासा आणला. मधली फळी एक पाऊल मागं गेली की फासा टाकायचा. 1 पडला तर फळी फुटली, सगळे पळाले. पहिल्याच डावात दुसऱ्या फाशाला 1 पडला. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. वालांना भीती वाटायला लागली होती!

मोठी माणसंसुद्धा असले खेळ खेळत बसतात, आणि तेही सैन्यातली. जर्मनीत पूर्वी प्रशिया नावाचं राज्य होतं. तिथं रायस्वित्स नावाच्या एका गृहस्थानं 1812 साली राजासाठी एक मोठं टेबल बनवलं. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते असलेल्या फरश्या हव्या तशा जोडून रणांगण तयार करायचं. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्यानं 1824 साली या खेळाचे नवे नियम छापले आणि टेबलाऐवजी नकाशा वापरला, असा बारकाईचा नकाशा की त्यावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 80 मीटर. एका बाजूच्या सोंगट्या लाल, दुसरीच्या निळ्या. एक खेळी म्हणजे लढाईतली 2 मिनिटं. 2 मिनिटांत पायदळ जेवढं चालेल तेवढंच चालवायचं, उगाच उडी नाही. गोळीबाराचा परिणाम फाशानं ठरवायचा.

प्रशियाच्या सेनेचा मोठा अधिकारी म्युफ्लिंग हा खेळ बघायला आला तेव्हा त्याला फारशी उत्सुकता नव्हती, असं सांगतात. खेळ संपेपर्यंत तो इतका रंगला की त्यानं सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली.

या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पंच. बुद्धिबळात समोरच्याचं सगळं दिसतं. त्याचा हत्ती कुठं आहे, घोडा कुठं टपलाय, काही लपत नाही. खऱ्या सेनापतीला टेकडीपलीकडचं काय दिसणार, कपाळ! म्हणून प्रशियाच्या खेळात दोघा खेळाडूंनी हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायचे. तुम्हाला शत्रूचं जेवढं दिसू शकेल तेवढंच तो नकाशावर ठेवणार. आणि तुमचा हुकूम दूरच्या तुकडीला लगेच मिळणार नाही. निरोप्याला घोड्यावरून तिथं पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ जाऊ द्यायचा.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात तर एका खोलीची सगळी जमीनच समुद्र झाली होती. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या, आणि गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याला त्यावर उपाय शोधायचा होता. जमिनीवर छोटी जहाजं. भोवती कापडी पडदे, पडद्यांना भोकं. युद्धनौकांच्या कप्तानांनी त्या भोकांतून बघायचं. जहाजांच्या वाटा पांढऱ्या खडूनं काढायच्या आणि पाणबुडीची हिरव्या, कारण पडद्यामागून हिरवी रेघ दिसायची नाही. खेळणाऱ्यांत नौदलातल्या तरुण मुली होत्या, काही जेमतेम विशीच्या. या खेळातून उलगडलं की पाणबुड्या रात्री मागच्या बाजूनं तांड्याच्या आतच शिरतात आणि तिथून मारा करतात. पुन्हा पिछाडी! त्यावर जी युक्ती निघाली तिला एका मुलीनं नाव दिलं रास्पबेरी. इंग्रजीत तोंडानं फुर्र करून वेडावण्याला तसं म्हणतात. वेडावायचं होतं हिटलरला.

आमच्याकडे पंच झाली आजी. तिला रोम आणि कार्थेज दोन्ही सारखेच, म्हणून तिच्याइतका निःपक्षपाती पंच मिळाला नसता. मधे चादर टांगली. रसदही ठेवली, प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे, दर खेळीला एक दाणा सैन्याला खाऊ घालायचा. कॅनीनंतर रोमनांनी बरीच वर्षं हॅनिबलशी उघड्या मैदानात भिडायचं टाळलं आणि त्याच्या रसदीवरच डोळा ठेवला, ते बंड्याला समजावून सांगावं म्हणून ही सोय. त्यानं तिसऱ्या खेळीपर्यंत आपली सगळी रसद स्वतःच खाल्ली.

शेवटच्या दिवशी झामाची लढाई मांडली. इसवी सनापूर्वी 202. कॅनीला चौदा वर्षं झालेली. रोमचा सेनापती स्किपिओ, जो कॅनीच्या वेळी विशीतला पोरगा होता आणि तिथून वाचला होता. आता बटाटे हक्कानं आले, कारण झामाला हॅनिबलकडे 80 हत्ती होते. बंड्या हॅनिबल. त्यानं बटाटे सोडले. पण ताईनं स्किपिओनं केलं तेच केलं. चिंचोक्यांच्या रांगांमधे सरळ गल्ल्या ठेवल्या, आणि बटाटे त्या गल्ल्यांतून गडगडत पडवीच्या पायरीवरून अंगणात गेले.

आता सगळं घोडदळावर होतं. कॅनीला कार्थेजशेजारच्या नुमिदियाचे घोडेस्वार हॅनिबलच्या बाजूनं लढले होते; झामाला नुमिदियाचे घोडेस्वार बहुतेक रोमकडे होते. स्किपिओचं घोडदळ शत्रूचे घोडेस्वार पळवत दूर गेलं आणि ऐन वेळी परतून हॅनिबलच्या पिछाडीवर पडलं. म्हणजे त्याचाच डाव त्याच्यावर. ताईनं चिठ्ठी लिहिली, "घोडदळानं मागं फिरावं", आणि चादरीखालून आजीला दिली.

एक खेळी झाली. दोन झाल्या. बंड्याचे वाल ताईच्या मधल्या फळीला रेटायला लागले. फासा पडत होता, आणि 1 कधीही पडला असता.

"आजी! माझं घोडदळ?"

आजी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. "अगं, दूध उतू जात होतं."

ताई माझ्याकडे वळली. "मामा, हे नियमात बसतं?"

"बसतं," मी म्हटलं. "1824 पासून."