भिंत, बाजार आणि दार

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात टायसन्स कॉर्नर नावाची जागा आहे. तिथल्या एका इमारतीखाली, गाड्या लावायच्या तळघरात, भिंती घालून एक खोली केलेली होती. १९९०च्या दशकात इंटरनेटच्या वाहतुकीचा मोठा वाटा या खोलीतून जात असे. तिचं नाव मे-ईस्ट. विद्यापीठांनी वाढवलेलं इंटरनेट ज्या चार नाक्यांवरून बाजाराच्या हाती गेलं, त्यांतला हा एक नाका.

सुरुवात १९८६ची. नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेने सुपरकॉम्प्युटर केंद्रं जोडण्यासाठी एनएसएफनेट उभारलं. वेग सेकंदाला ५६ किलोबिट. १९८८ मध्ये तो दीड मेगाबिट झाला आणि १९९१ मध्ये ४५ मेगाबिट. पैसा सरकारी, म्हणून नियमही कडक होता: ही वाट संशोधन आणि शिक्षणापुरतीच. करदात्यांच्या पैशावर कुणी धंदा करू नये, हा विचार रास्तच होता. पण मग खासगी कंपन्यांनी आपसांतली वाहतूक न्यायची कुठून? १९९१ मध्ये पीएसआयनेट, यूयूनेट आणि सर्फनेट यांनी एकत्र येऊन सीआयएक्स हा स्वतःचा नाका काढला. तिथला करार साधा होता. तुझ्या ग्राहकांची वाहतूक मी घेईन, माझ्या ग्राहकांची तू घे. कुणी मोजायचं नाही आणि कुणी बिल लावायचं नाही.

यालाच पिअरिंग म्हणतात. दोन शेतकरी सामाईक बांधावरून एकमेकांना वाट देतात, तसंच हे. त्याच्या उलट ट्रान्झिट. तिथे साऱ्या जगापर्यंत पोचवायचे पैसे मोजावे लागतात, आणि वाहतूक वाढली की बिलही वाढतं.

१९९२च्या कायद्याने एनएसएफनेटवरचे निर्बंध सैल केले आणि ३० एप्रिल १९९५ रोजी ते बंदच झालं. इंटरनेट जगभर पसरलं ते या निर्णयामुळे, हे मान्यच करायला हवं. पण बहुतेक विद्यापीठांची हक्काची वाट त्यात गेली आणि संशोधकांचा डेटा बाजाराच्या गर्दीत अडकू लागला. म्हणून १९९६च्या ऑक्टोबरमध्ये ३४ विद्यापीठांनी इंटरनेट-२ची उभारणी सुरू केली. १९९९ मध्ये अ‍ॅबिलीन नावाचा त्याचा कणा सुरू झाला, वेग २.४ गिगाबिट. बाजाराच्या वाहतुकीला तिथे प्रवेश नव्हता. संशोधन आणि बाजार यांच्यातली मोडलेली भिंत पुन्हा उभी राहिली.

ही भिंत दुसऱ्यांदा हलली ती विद्यार्थ्यांमुळे. २००५ मध्ये यूट्यूब आलं, मग घरबसल्या सिनेमे आले, मग क्लाउड आला. वसतिगृहांचीच नव्हे, प्रयोगशाळांचीही वाहतूक व्यापारी कंपन्यांकडे वळली. हाताशी स्वतःची रुंद वाट असताना विद्यापीठं त्याच वाहतुकीसाठी ट्रान्झिटची बिलं भरत होती. तेव्हा नॅशनल लॅम्डारेल या विद्यापीठांच्याच दुसऱ्या नेटवर्कने ट्रान्झिटरेल ही सेवा दिली, आणि इंटरनेट-२नेही व्यापारी पिअरिंगचा मार्ग धरला. सगळ्या विद्यापीठांनी मिळून मोठ्या कंपन्यांशी थेट जोडणी घ्यायची, असा हा बेत. पुढे दोन्ही सेवा एक झाल्या. २०१४ मध्ये लॅम्डारेल बंद पडलं, तरी ही सेवा टिकली.

या तडजोडीची खूण आजही राउटरमध्ये दिसते. इंटरनेट-२च्या संशोधन नेटवर्कचा क्रमांक ११५३७ आणि व्यापारी पिअरिंगचा १११६४. घर एक, दारं दोन. दुर्बिणीचा डेटा एका दाराने येतो, व्याख्यानाचा व्हिडिओ दुसऱ्याने. कुठलं दार कुणासाठी उघडायचं, हे विद्यापीठ स्वतः ठरवतं.

या गोष्टीचा एक धागा मुंबईत आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखालच्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेने, जुहूहून, अर्नेट या भारतीय संशोधन नेटवर्कसाठी अमेरिकेची लाइन जोडली. वेग ९.६ किलोबिट, आणि पलीकडचं टोक व्हर्जिनियातल्या यूयूनेटकडे. सीआयएक्स उभारणाऱ्या तिघांपैकी एक, तेच हे यूयूनेट. आपल्या संशोधन नेटवर्कचं जगाकडे उघडलेलं दार असं पुढे बाजारात उतरलेल्या संस्थेच्या अंगणात उघडत होतं. नंतर २००३ मध्ये निक्सी हा देशातला नाका आला, कारण देशातल्या देशातली वाहतूकही परदेशी वळसा घालून येत होती. २०१० मध्ये विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं, ५,९९० कोटी रुपयांचं राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क मंजूर झालं.

या साऱ्या वर्षांकडे पाहताना मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. बाजाराला बाहेर ठेवणं ही चूक होती, आणि त्याच्या हाती सगळं सोपवून मोकळं होणं ही त्याहून मोठी चूक. नाक्यावर बरोबरीने बसून देवघेव करायची, तर आधी वाट आपल्या मालकीची लागते. जुहूच्या त्या ९.६ किलोबिटच्या लाइनकडे पाहिलं की हे पटतं. वाट चिंचोळी असली, तरी ती संशोधकांच्या हाती होती.