पहिला ट्रेलर घेताना किमतीपेक्षा गाडीचे उरलेले वय महत्त्वाचे

रायपूर : दहा-बारा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवल्यानंतर स्वतःची गाडी घ्यावी, असे चालकाला वाटणे स्वाभाविक आहे. नवा ट्रेलर आवाक्याबाहेर असल्याने अशा चालकाची पहिली गाडी बहुधा जुनीच असते. तिच्यात घरची बचत, दागिने, प्रसंगी गावाकडची जमीनही गुंतते. मात्र गाडी स्वस्त मिळाली म्हणजे व्यवहार फायद्याचा झाला, असे नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे ती कायद्याच्या व यंत्राच्या दृष्टीने रस्त्यावर राहील का, हा पहिला प्रश्न आहे.

गुजरातमधील हजिरा ते ओडिशातील पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग ५३ नागपूर, भंडारा, देवरी, राजनांदगावमार्गे रायपूरला येतो. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्न व रोलिंग मिल, भिलाईचा पोलाद कारखाना, बलौदाबाजारचे सिमेंट आणि कोरब्याचा कोळसा यांमुळे या भागात अवजड वाहनांची वर्दळ मोठी आहे. त्यामुळेच जुन्या गाड्यांचे व्यवहारही येथे सतत होत असतात.

आधी माल, मग गाडी

लोखंडी सळया आणि पत्र्याच्या कॉइलसाठी सपाट पाटाचा ट्रेलर लागतो, कोळशासाठी टिप्पर, तर सुट्या सिमेंटसाठी किंवा राखेसाठी बल्कर. बल्कर परतताना बहुधा रिकामाच येतो. सपाट ट्रेलरला परतीचे भाडे मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून कोणता माल, कोणता मार्ग आणि परतीला काय, हे ठरल्याशिवाय गाडी पाहायला जाणे योग्य नाही.

नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनही तपासावे. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलवरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन, जोड एक्सलची १९ वरून २१ टन आणि मालासह वाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन केली. त्याआधी बनलेल्या ट्रेलरच्या कागदावर कोणते वजन नोंदलेले आहे, यावर त्याची कमाई ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. पाच टन माल अधिक भरला, तर हा दंड ३० हजार रुपये होतो आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

उरलेल्या वयाचे गणित

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ८८ प्रमाणे बहुएक्सल मालवाहनाला १५ वर्षांपर्यंत, तर अन्य मालवाहनाला १२ वर्षांपर्यंतच राष्ट्रीय परवाना मिळतो. ११ वर्षांचा ट्रेलर चार वर्षांच्या कर्जावर घेतला, तर शेवटचा हप्ता आणि राष्ट्रीय परवान्याचा शेवट एकाच सुमारास येतो. त्यानंतर राजनांदगाव ओलांडून नागपूरचे भाडे घेता येत नाही आणि गाडीची विक्री किंमतही घसरलेली असते. सहा-सात वर्षांची गाडी महाग वाटली, तरी उरलेल्या वर्षांनी किंमत भागून पाहिल्यास अनेकदा तीच स्वस्त पडते.

योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. ते नसेल तर कलम ५६ नुसार गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्यांची इंजिने बीएस-६ मानकाची आहेत. त्यांना डिझेलबरोबर डीईएफ म्हणजे युरियाचे द्रावण लागते आणि सेन्सरमधील बिघाड रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये सहसा निघत नाही. बीएस-४ गाडीची दुरुस्ती सोपी आहे. मात्र तिचे वय अधिक आहे.

कागद कोणाच्या नावावर?

विक्रेत्याने फॉर्म २९ व ३० वर सही करून खरेदीदाराची जागा कोरी सोडायची आणि गाडी हातोहात फिरत राहायची, ही पद्धत अनेक ठिकाणी चालते. ती दोघांनाही धोक्याची आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी पुढे कितीही जणांना विकली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. दुसरीकडे, नाव न बदललेल्या खरेदीदाराकडे हप्ते असतात, पण मालकीचा पुरावा नसतो.

कायद्यानुसार विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती परिवहन कार्यालयाला द्यावी लागते. नागपूरची गाडी रायपूरला आणायची असल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जुने कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, थकीत कर आणि ई-चलान यांची खातरजमा पैसे देण्याआधी करावी. परवाना गाडीबरोबर आपोआप येत नाही. त्याच्या हस्तांतरणासाठी परिवहन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. विम्यावर नाव चढवण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो.

ट्रेलरच्या बाबतीत ओढणारी गाडी आणि मागचा ट्रेलर या दोन्हींचे नोंदणी क्रमांक व चेसिस क्रमांक प्रत्यक्ष कोरलेल्या अंकांशी ताडून पाहावेत.

यंत्राची पारख

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. गरम करून ठेवलेले इंजिन दोष लपवते. निळसर धूर म्हणजे तेल जळत असल्याची खूण. माल भरलेल्या गाडीने चढ चढून पाहिल्यास क्लच आणि गिअरबॉक्सची खरी स्थिती कळते. चेसिसवर नव्या रंगाखाली वेल्डिंग आहे का, पाटे तुटून बदलले आहेत का, ट्रेलर जोडणाऱ्या फिफ्थ व्हीलमध्ये आणि किंगपिनमध्ये खेळ आहे का, हे जाणत्या मेकॅनिकला दाखवावे. रिकामी गाडी धर्मकाट्यावर तोलून घ्यावी. बॉडीत केलेल्या बदलांमुळे वाढलेले प्रत्येक किलो भाड्याच्या मालातून वजा होते.

टायरच्या बाजूवरील चार अंकी संख्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगते; ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. बावीस टायरच्या ट्रेलरला टायरचा पूर्ण संच बदलावा लागला, तर स्वस्त सौद्यातील बचत तिथेच संपते.

महिन्याचा हिशेब

गाडी महिन्याला आठ हजार किलोमीटर धावली आणि लिटरला साडेतीनऐवजी तीनच किलोमीटर गेली, तर सुमारे ३८० लिटर डिझेल अधिक लागते. दर ९३ रुपये धरल्यास हा फरक दरमहा ३५ हजार रुपयांच्या घरात जातो. राष्ट्रीय परवान्याचे वार्षिक शुल्क १६,५०० रुपये आहे. ४० टनांहून जड मालवाहनाच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ४४,२४२ रुपये होता. प्राप्तिकर कायद्यातील अंदाजित पद्धतीत ५५ टनांच्या ट्रेलरचे उत्पन्न महिन्याला ५५ हजार रुपये धरले जाते.

भाड्याची उरलेली रक्कम पोच पावती जमा झाल्यावरच मिळते. हप्ता मात्र तारखेलाच जातो. म्हणून सगळी बचत खरेदीत न घालता निदान तीन हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीइतकी रक्कम बाजूला ठेवणे आवश्यक आहे. तेवढी रक्कम उरत नसेल, तर ती गाडी, कितीही चांगली असली, तरी त्या खरेदीदारासाठी महाग आहे.