न्यायासनाचा मान आणि वकिलाचे स्वातंत्र्य

न्यायासनासमोर उभा राहणारा वकील हा केवळ आपल्या पक्षकाराचा प्रतिनिधी नसतो. तो न्यायालयाचाही अधिकारी मानला जातो. पक्षकाराची बाजू निर्भयपणे मांडणे हे त्याचे कर्तव्य आणि न्यायासनाचा मान राखणे हेही त्याचे कर्तव्य. हा तोल सुटला की वादावादी होते, कामकाज थांबते आणि कंधार किंवा निलंगा तालुक्यातून आलेला पक्षकार पुढची तारीख घेऊन गावी परततो. अशा प्रसंगी न्यायाधीशांना कोणते अधिकार आहेत व त्यांना कोणत्या मर्यादा आहेत, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

जिल्ह्यातील न्यायालय

नांदेड किंवा लातूर येथील न्यायाधीश रागाच्या भरात वकिलास थेट तुरुंगात धाडू शकतात, असे कोणी समजत असल्यास ते बरोबर नाही. कामकाज चालू असताना न्यायाधीशांचा हेतुपुरस्सर अपमान करणे वा कामात व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ अन्वये अपराध आहे. तो न्यायालयासमक्ष घडल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८४ नुसार त्याच दिवशी, न्यायालय उठण्यापूर्वी, त्याची दखल घेता येते. मात्र संबंधितास कारण दाखविण्याची वाजवी संधी द्यावी लागते. काम कोणत्या टप्प्यावर होते, अपमान वा व्यत्यय कोणत्या स्वरूपाचा होता आणि संबंधिताचे म्हणणे काय, हे सारे लिहून ठेवावे लागते. या कलमाखालील दंड एक हजार रुपयांपर्यंतच असतो. तो न भरल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कायद्यात दंडाची ही मर्यादा दोनशे रुपये होती. क्षमायाचना केल्यास शिक्षा माफ करता येते.

उच्च न्यायालयाचा अधिकार

न्यायदानातच गंभीर अडथळा येईल असे वर्तन घडल्यास न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ लागू होतो. तथापि, या अधिनियमाखाली शिक्षा देण्याचा अधिकार जिल्ह्यातील न्यायाधीशांना नाही. ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवितात. नांदेड व लातूरसाठी ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खंडपीठाकडे जाते. तेथे किमान दोन न्यायाधीशांसमोर सुनावणी होते. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची मर्यादा आहे. ज्याचा अपमान झाला त्यानेच मोठी शिक्षा ठरवू नये, हा या व्यवस्थेचा लाभ होय. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार न्यायाधीशही अवमानास जबाबदार ठरू शकतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

सनद कोणाच्या हाती?

अलाहाबाद उच्च न्यायालयातील सुनावणीच्या वेळी केलेल्या वर्तनाबद्दल विनयचंद्र मिश्र यांची वकिली सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तीन वर्षांसाठी स्थगित केली. ते त्या वेळी भारतीय वकील परिषदेचे अध्यक्ष होते. परंतु १९९८ साली घटनापीठाने निर्णय दिला की, अवमानाची शिक्षा म्हणून सनद स्थगित करता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये तो अधिकार वकील परिषदेचा आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे आहे. मात्र आपल्यासमोर कोणी उभे राहावे, याचे नियमन न्यायालय करू शकते. मुंबईतील वकील मॅथ्यूज नेदुम्परा यांना २०१९ साली अवमानाबद्दल दोषी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःसमोर वकिली करण्यास एक वर्ष मनाई केली व तीन महिन्यांची कैद, त्यांनी दिलेल्या हमीच्या अधीन, स्थगित ठेवली.

अवमान कशास म्हणू नये?

ठामपणे युक्तिवाद करणे किंवा आपली हरकत नोंदवून घेण्याची विनंती करणे म्हणजे अवमान नव्हे. निकाल लागलेल्या प्रकरणातील निर्णयावर रास्त टीका करण्यास कलम ५ मुभा देते. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीस कलम ६ संरक्षण देते. निर्णय मान्य नसेल तर अपिलाचा मार्ग खुला असतो.

न्यायाधीशाने संयम व वकिलाने मर्यादा पाळली, तर या कलमांचा आधार घेण्याची वेळच येणार नाही आणि गावाकडून आलेल्या पक्षकाराचे काम त्याच तारखेला पुढे सरकेल. न्यायासनाचा मान राखावयाचा तो त्याच्यासाठीच.